चार पावलं टाकून बघा : कोल्हापुरातल्या तालमींना आणि मंडळांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापुरातल्या सर्व तालमींचे वस्ताद आणि कारभारी,
फुटबॉल संघांचे प्रशिक्षक,
आणि पेठापेठांतल्या तरुण मंडळांचे कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत वाढले आणि लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. म्हणजे माहेरही तालमीच्या सावलीतलं आणि सासरही. एकतीस वर्षं एक्स-रे काढायचं काम केलं. आपल्याकडे एक्स-रे कुणी म्हणत नाही, ‘फोटो काढायला आलोय’ म्हणतात. त्या खोलीत मी किती घोटे टेबलावर नीट ठेवून घेतले याची मोजदाद केली नाही, पण एक वाक्य रोज ऐकलं. ‘ताई, काय न्हाई, नुसता मुरगाळलाय.’

असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं हाड मोडलेलं निघायचं. त्यातले सगळे पडल्या दिवशीच आलेले नसायचे. कुणी आठव्या दिवशी यायचं, कुणी महिन्यानं. मधल्या दिवसांत तेल लावून चोळून झालेलं असायचं, लेप वाळून गळालेला असायचा, कामट्या बांधून सोडलेल्या असायच्या. त्या ‘नुसता मुरगाळलाय’साठीच हे पत्र लिहितेय.

‘दवाखान्यांना लिही, सरकारला लिही, तालमींना कशाला?’ असं घरात विचारलं. उत्तर सोपं आहे. पेठेत कुणाचा पाय मुरगळला तर पहिली हाक दवाखान्याला जात नाही, तालमीला जाते. उचलून आणणारी पोरं तुमची, गाडी काढणारी पोरं तुमची, आणि ‘काय होत नाही, दोन दिवसांत पळशील’ असं सांगणारा मोठा माणूसही तुमचाच. पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते तुम्ही ठरवता. त्या दहा मिनिटांवर त्या माणसाची पुढची तीस वर्षं अवलंबून असतात. हे मी माझ्या सख्ख्या भावावरून सांगते.

१९८६ चा उन्हाळा होता. भाऊ सतरा वर्षांचा, पेठेतल्या संघातून खेळायचा. मैदान वाळून दगड झालेलं. चेंडू घेऊन त्यानं झटक्यात अंग वळवलं, बुटाचे दात मातीत रुतलेले राहिले, अंग फिरलं आणि पाय तिथंच राहिला. ‘कट्ट’ असा आवाज त्यानं स्वतः ऐकला होता. खांद्यावर घेऊन त्याला तालमीत आणलं. तिथल्या एका जाणत्या माणसानं पाय मांडीवर घेतला, झटका दिला आणि कोमट तेलानं अर्धा तास चोळला. त्या माणसाच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. तो रोज संध्याकाळी घरी येऊन चोळून जायचा, एक पैसा कधी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ भिंतीला धरून उभा राहिला तेव्हा आईनं अंबाबाईला नारळ फोडला.

पाच आठवड्यांनी फोटो काढला. बाहेरच्या घोट्याचं हाड तिरकं मोडलेलं होतं आणि सरकल्या जागीच जुळून आलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता जुळलंय, चालेल. चालला. पंधरा वर्षं बरा चालला. मग सकाळी उठल्यावर घोटा आखडायला लागला, मग जोतिबाच्या पायऱ्या सुटल्या, मग मांडी घालून जेवणं सुटलं. ज्याच्या अंगात फुटबॉल भिनलाय तो माणूस आज शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढू शकत नाही म्हणून सामने मोबाईलवर बघतो. साठी अजून गाठायची आहे त्याची.

एवढ्याशा सरकण्यानं एवढं कसं होतं, ते सांगते, कारण मलाही कामाला लागल्यावरच कळलं. घोटा म्हणजे एक हाड नव्हे. नडगीचं जाड हाड खाली येऊन आतला घोटा बनवतं, पोटरीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड खाली उतरून बाहेरचा घोटा बनवतं, आणि या दोघांच्या मधल्या खाचेत पायाचं एक हाड घट्ट बसलेलं असतं. सुतारानं मापात खाच पाडून खुंटी बसवावी तसं. सगळ्या अंगाचा भार त्या खुंटीवर. १९७६ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी मोजून दाखवलं की ते मधलं हाड बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर सांध्याच्या एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागात सरासरी ४२ टक्के घट होते. एक मिलिमीटर म्हणजे हाताच्या नखाच्या जाडीच्या साधारण दुप्पट. भार तेवढाच आणि तो पेलणारी जागा निम्म्याहून थोडीच जास्त, मग हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, झिजणारच. गुडघा वयानं झिजतो, पण घोट्याची झीज बहुतेकदा जुन्या दुखापतीतून येते. माझ्या भावाची तशीच आली.

आणि ही दुखापत दुर्मिळ असेल असं समजू नका. मोठ्या माणसांची जेवढी हाडं मोडतात, त्यात साधारण दहातलं एक घोट्याचं असतं. युरोपातल्या नोंदींप्रमाणे दर लाख माणसांमागे वर्षाला शंभर ते पावणेदोनशे-एकशेनव्वद घोटे मोडतात. तोच दर आपल्या साडेपाच लाखांच्या शहराला लावून बघा. रोज दीड ते तीन घोटे. तुम्ही हे वाचताय त्या दिवशीही शहरात कुणीतरी पाय धरून बसलेलं असेल आणि शेजारी कुणीतरी तेल गरम करत असेल.

कुणाचे मोडतात, याचा वयाप्रमाणे आलेख काढला तर त्यात दोन उंचवटे दिसतात. पहिला उंचवटा तरुण पोरांचा, साधारण पंधरा ते पंचवीस. खेळ, मोटारसायकल, उड्या. दुसरा पन्नाशीनंतरच्या बायकांचा. पहिला उंचवटा तुमच्या ओळखीचा आहे, तो रोज तुमच्या मैदानावर पळतो. दुसरा त्याच गल्लीत, चार घरं सोडून, उंबरठ्याच्या आत आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पोराचा पाय मोडला तर अख्खी तालीम बघायला येते. त्याच्या आईचा मोडला तर ती खुर्ची ओढून बसते आणि बसल्या बसल्या भाकरी थापते.

माझ्या आईनं हेच केलं. श्रावणातली संध्याकाळ, दारातल्या तीन दगडी पायऱ्या पावसानं ओल्या, वीज गेलेली. शेवटची पायरी तिला दिसली नाही. पाय आत दुमडला. मला फोनवर म्हणाली, ‘जरा लचक भरलीय गं.’ मी दिवसभर लोकांचे घोटे बघणारी बाई, मी ते खरं मानलं. नवव्या दिवशी माहेरी गेले तेव्हा तिचा पाय काळानिळा, पाऊल दुप्पट झालेलं आणि पैंजण कातडीत रुतलेलं. पैंजण कापून काढावं लागलं. फोटोत दोन्ही बाजूंची हाडं मोडलेली होती. नऊ दिवस ती त्या पायावर स्वयंपाक करत होती. का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाली, गणपती तोंडावर आलेत, आता कुठं प्लास्टर घालून बसू. हे आठवलं की माझा घसा आजही दाटून येतो.

बायकांचं हाड ठिसूळ होतं म्हणून मोडतं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. मनगट, खुबा आणि मणका यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. घोट्याचं गणित थोडं वेगळं आहे. १० देशांतल्या, ५५ वर्षांपुढच्या ६०,००० हून जास्त बायकांची एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यात असं दिसलं की वजन जास्त असलेल्या बायकांत मनगट मोडण्याचं प्रमाण कमी, पण घोटा मोडण्याचं प्रमाण जास्त. तोवर डॉक्टरांतही समज होता की अंगावर मांस असलेल्या बाईची हाडं सुरक्षित. वजन हाडाला बळ देतं हे खरं, पण पाय मुरगळताना अंगाचा सगळा भार पिळवटून त्या एका सांध्यावर येतो, आणि भार जितका जास्त तितकी मोड वाईट. हे वाचून कुणी आपल्या काकीला ‘वजन कमी करा’ म्हणून हिणवायला जाऊ नका. ओल्या पायऱ्यांवर तिचा हात धरा, दाराशी कठडा बसवून द्या. त्याचा उपयोग आजच्या आज होतो.

फिनलंडमधल्या संशोधकांनी साठीपुढच्या लोकांचे मोडलेले घोटे १९७० पासून वर्षानुवर्षं मोजले. नव्वदीच्या दशकापर्यंत त्यांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं आणि मग वाढ थांबली. माणसं जास्त जगायला लागली, जास्त हिंडायला लागली, वजनंही वाढली. आपल्याकडेही साठीनंतर बायका घरात बसून राहत नाहीत आता, त्र्यंबोलीला जातात, बचत गटाच्या बैठकीला जातात, रंकाळ्यावर फिरायला जातात. त्यांनी हिंडावंच. पण पन्नाशीपुढची बाई पडून ‘मुरगळलं’ म्हणाली, तर ते वाक्य पोराच्या वाक्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घ्या.

बाकीची कारणं तुम्हाला आजूबाजूला दिसतीलच. आधी पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त. बिडी-सिगारेटनं हाड जुळायला वेळ लागतो, हे मी प्लास्टर सुटून पुन्हा पुन्हा फोटोला येणाऱ्यांत बघितलंय. दारू पिऊन पाय चुकला तर त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही कुठं दुखतंय. साखरेचा आजार मात्र वेगळा काढून सांगते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल तर पावलांची जाणीव बोथट होते. असा माणूस मोडलेल्या घोट्यावर आठवडाभर हिंडतो, कारण त्याला दुखतच नाही. त्या हिंडण्यात सांध्याचा चुरा होतो. जखम भरत नाही, हाड जुळायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. साखर असलेल्या माणसाचा घोटा सुजला, गरम लागला, लाल झाला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर.

मग आपलं गाव. जून ते सप्टेंबर पाऊस, पंचगंगेच्या घाटावर शेवाळ, जुन्या वाड्यांच्या पायऱ्या शंभर वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. देवळात अनवाणी, फरशी ओली. पायताण आपला अभिमान आहे, मलाही आहे, पण चामडी तळव्याचं पायताण ओल्या दगडावर घसरतं. पावसाळ्यात ते पेटीत ठेवावं आणि रबरी तळव्याचं घालावं. पन्हाळ्यावर जाणाऱ्या पोरांनाही हेच.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना इथं एक विनंती आहे. गणपतीत आणि नवरात्रात मांडवासाठी रस्त्यात खड्डे घेतले जातात. मांडव उतरला की ते त्याच रात्री बुजवा. जनरेटरच्या आणि लाइटच्या वायरी रस्ता ओलांडून नेताना वरून घ्या, खालूनच न्यायच्या असतील तर त्यांच्यावर रबरी पट्टी टाका. मांडवाच्या चढाला, फळीच्या पायरीला, जिथं उंची बदलते तिथं पांढरा रंग मारा आणि एक दिवा त्या जागेवर सोडा. आरतीला येणाऱ्या बायकांच्या एका हातात ताट असतं, दुसऱ्या हातात नातू असतो. खाली बघायला त्यांना जमत नाही.

आता मुख्य गोष्ट. पाय मुरगळला की मोडला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. सूज दोन्हीत येते. काळंनिळं दोन्हीत पडतं. ‘मोडलं असतं तर बोटं हलली नसती’ हे मी पोत्यानं ऐकलंय आणि ते साफ चूक आहे. मोडलेल्या घोट्याच्या पायाचीही बोटं हलतात.

१९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी एक सोपी पद्धत बसवली, कारण तिथं उलटी अडचण होती, प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा फोटो काढला जायचा आणि बहुतेक फोटोंत काहीच निघायचं नाही. त्यांनी शेकडो रुग्ण तपासून दोनच प्रश्न उरवले. पहिला, बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडावर, मागच्या कडेनं खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण तीन बोटं, बोटानं दाबल्यावर दुखतं का? दुसरा, माणूस चार पावलं टाकू शकतो का? लंगडत का होईना, पण प्रत्येक पायावर दोनदा भार येईल अशी चार पावलं, पडल्या पडल्या आणि नंतरही. हाडावर दुखत असेल किंवा चार पावलं जमत नसतील, तर फोटो काढायचाच. यातलं काहीच नसेल, तर मोड असण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी. जगभरात ही पद्धत पुन्हा पुन्हा तपासली गेलीय आणि टिकलीय.

यात दाबायची जागा महत्त्वाची. घोट्याच्या पुढे, जरा खाली, मऊ जागेवर दुखतं ते बहुतेक वेळा शिरबंधाचं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचं, तेच खरं मुरगळणं. हाडावर, मागच्या कडेला दुखतं ते संशयाचं. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या मधोमध एक उंचवटा लागतो, तोही दाबून बघा. मुरगळण्यात तेही हाड तुटतं आणि घोट्याच्या नादात राहून जातं. आतल्या अंगाला, पावलाच्या कमानीच्या वरचं हाडही तसंच. एकदा स्वतःच्या चांगल्या पायावर हात फिरवून या जागा ओळखून ठेवा. वस्तादांच्या बोटांना हे शिकवायला वेळ लागणार नाही. ज्या बोटांना अंगातली प्रत्येक शीर ठाऊक आहे, त्यांना तीन बोटांचं हाड काय अवघड.

ही परीक्षा कुणाला लावायची नाही, तेही सांगते. पाय वाकडा दिसत असेल, हाड कातडीला आतून ढकलत असेल, जखम झाली असेल, पाऊल पांढरं किंवा गार पडलं असेल, तर उभं करूसुद्धा नका, सरळ दवाखाना. तिथं तास नव्हे, मिनिटं मोजायची असतात. दारू प्यायलेल्याला ही परीक्षा लागू नाही. पायाची जाणीव गेलेल्या मधुमेहीला लागू नाही. लहान पोरांच्या हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, तिथं इजा झाली तर पाय वाढताना तिरका वाढू शकतो, म्हणून शाळकरी पोरं थेट डॉक्टरांकडे. गरोदर बाई असेल तर तिच्याबाबतीत डॉक्टरच ठरवतील.

तोवर हातात काय करायचं? चोळायचं नाही. झटका द्यायचा नाही. शेकायचं नाही, कोमट तेलही नाही. मोडलेलं हाड चोळलं की कडा आणखी सरकतात, आतलं रक्त वाढतं, सूज इतकी चढते की शस्त्रक्रिया लागणार असली तरी डॉक्टरांना आठ-दहा दिवस थांबावं लागतं. बुटाची नाडी पूर्ण सैल करा. जोडवी आणि पैंजण पहिल्या पाच मिनिटांत काढा, सूज चढल्यावर ती निघत नाहीत. पाय आहे त्या स्थितीत उशीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून सैलसर बांधा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पाय छातीपेक्षा वर. कामट्या करकचून बांधायच्या नाहीत, बोटं निळी किंवा बधिर झाली तर बांधलेलं तिथल्या तिथं सोडायचं.

आणि चालवत न्यायचं नाही. १७५६ साली लंडनमधले नावाजलेले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले, नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. थंडीचे दिवस होते, तरी ते रस्त्यातून हलले नाहीत. माणसं पाठवून एक दार विकत आणवलं, त्याला बांबूसारखे दांडे ठोकून घेतले आणि त्या दारावर आडवे होऊन घरी गेले. पाय वाचला. पुढं त्यांनीच घोट्याच्या मोडीचं जे वर्णन लिहून ठेवलं त्यामुळं तिला आजही त्यांचं नाव लावतात. पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्यांना दार मिळालं, आपल्या तालमीत फळ्या, बाकडी आणि दहा दणकट पोरं असतात.

हाडवैद्यांकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही आणि त्यांच्यात खरे जाणकार आहेत हे मला माहीत आहे. माझं मागणं एवढंच की आधी फोटो, मग पुढचं. जो जाणकार आहे तो स्वतःच ‘आधी फोटो काढून आण’ म्हणतो, मी अशांनी पाठवलेले रुग्ण बघितलेत. फोटोचा खर्च प्लेट-स्क्रूच्या खर्चापुढं काहीच नाही. आणि मोडलं निघालं म्हणजे शस्त्रक्रियाच, ही भीतीही काढून टाका. साधारण दोन तृतीयांश मोडींत एकाच बाजूचा घोटा मोडलेला असतो, आणि त्यात हाड जागेवर असेल तर सहा-एक आठवड्यांचं प्लास्टर किंवा बूट पुरतो. माझ्या भावाचं पहिल्या दिवशी बघितलं असतं तर कदाचित तेवढ्यावरच भागलं असतं.

प्रशिक्षकांना शेवटचं. सरावाआधी मैदानाला दोन फेऱ्या मारून चेंडू टाकायची आपली पद्धत अपुरी आहे. फिफाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ‘फिफा इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा सराव बसवला. त्यात पंधरा व्यायाम आहेत, धावणं, पोटाची आणि मांडीची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा वाकवून, पण आत झुकू न देता उतरणं. साहित्य काही लागत नाही, चेंडू पुरतो. ज्या संघांनी आठवड्यातून दोनदा तरी नेमानं केला, त्यांच्यात दुखापती तीस टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घटल्या. ज्या पोराचा घोटा एकदा मुरगळलाय त्याचा पुन्हा मुरगळण्याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून त्याला रोज दात घासताना एका पायावर उभं राहायला लावा, जमलं की डोळे मिटून. एकाच हंगामात तीनदा मुरगळलेला पाय घेऊन उपांत्य सामन्यात उतरवू नका. पेठेची ईर्षा मला कळते, मी त्यातच वाढले. पण तो पोरगा पेठेचाच आहे, पुढच्या वर्षीही लागणार आहे आणि चाळिसाव्या वर्षीही.

मी आता घरीच असते. माझ्याकडे प्लास्टिकच्या हाडांचा घोटा आहे, सुटा करून दाखवता येतो, आणि काही जुने फोटो आहेत, नावं काढून टाकलेली. त्यात भावाचा १९८६ चाही आहे. कुठल्याही तालमीत रविवारी सकाळी तासभर यायला तयार आहे. कुठं दाबायचं, कसं उचलायचं, पुठ्ठा कसा बांधायचा, सगळं हातानं करून दाखवीन. पोरांना बोलवा, आणि त्या दिवशी पेठेतल्या पन्नाशीपुढच्या बायकांनाही बोलवा. त्यांना पुढे बसवा. खुर्च्या असू द्यात, खाली बसायला लावू नका. भाऊ येतो म्हणालाय, फक्त तालीम तळमजल्यावरची हवी.

आपली,
शिवाजी पेठेतली एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ